सोलापुरातील घरासाठी डेस्कटॉप निवडताना: टॉवर, मिनी पीसी, ऑल-इन-वन की जुना ऑफिस संगणक?

गेल्या उन्हाळ्यात पूर्वभागातील एका परिचित कुटुंबाने मला त्यांचा संगणक पाहायला बोलावले होते. खाली टॉवेलचे चार माग, वर राहते घर आणि जिन्यालगतच्या खोलीत मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला टॉवर, म्हणजे उभ्या कॅबिनेटचा संगणक, अशी तिथली रचना. दुपारी दोननंतर तो संगणक आपोआप बंद पडे आणि रात्री मात्र तक्रारीविना चाले. मदरबोर्ड बदलावा लागेल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली, प्रोसेसरवरचा पंखा सोडवून उचलला, तेव्हा पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये सुताच्या लवेचा थर दाबून बसलेला दिसला. चिमटीत धरून ओढल्यावर तो टॉवेलच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. पट्ट्या ब्रशने साफ करून पंखा परत बसवला आणि त्याच दुपारी, त्याच उकाड्यात संगणक चार तास सलग चालला.

हा प्रसंग आधी सांगण्याचे कारण असे की, डेस्कटॉप घेताना बहुतेक घरांत चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते आणि संगणकाचा प्रकार दुकानातल्या मांडणीवरून ठरतो. माझ्या मते आपल्या शहरात क्रम उलटा हवा. प्रोसेसर किती वेगाचा घ्यायचा हे आपल्या कामावरून ठरते, परंतु संगणक कोणत्या प्रकारचा घ्यायचा हे ऊन, धूळ, वीज आणि बिघाड झाल्यावर तो गावातल्या गावात उघडता येतो की नाही यावरून ठरवावे.

आधी कामाची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत घरातल्या प्रत्येकाचे काम लिहून काढावे. ‘मुलाचा अभ्यास’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. त्या अभ्यासात व्हिडिओवरील तास आणि पीडीएफ वाचन आहे, की ऑटोकॅड, प्रोग्रामिंग किंवा व्हिडिओ संपादन आहे, हे नेमके लिहावे. पहिल्या गटातील कामाला आज मिळणारा जवळपास कोणताही नवा संगणक पुरतो. दुसऱ्या गटासाठी मात्र प्रोसेसर, मेमरी (रॅम) आणि पुढे ग्राफिक्स कार्ड बसवण्याची सोय या तिन्हींचा विचार करावा लागतो.

घरातून व्यवसाय चालत असल्यास सॉफ्टवेअरची नावेसुद्धा लिहावीत, कारण काही पर्याय तिथेच बाद होतात. टॅली विंडोजवर चालते. निविदा भरण्यासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन बहुतेक जण विंडोजवरच वापरतात. चादरी आणि टॉवेलच्या जॅकार्ड नक्षीकामाची प्रणालीही घ्यायच्या संगणकावर चालेल का, हे ती देणाऱ्यालाच विचारून घ्यावे. ही तीनपैकी एखादी गरज असेल, तर ॲपलचा मॅक मिनी कितीही आवडला तरी तो या घरासाठी नाही. अशी गरज नसेल, तर २०२४ मध्ये आलेला एम४ प्रोसेसरचा मॅक मिनी हे उत्तम आणि शांत यंत्र आहे. फक्त त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून जेवढी लागेल तेवढी पहिल्याच दिवशी घ्यावी लागते.

मग खोलीची पाहणी

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो आणि काही दिवस तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंतही जातो. संगणक उत्पादकांच्या कागदपत्रांत वापरासाठीचे तापमान पुष्कळदा १० ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले असते. मॅक मिनीसाठीही हीच मर्यादा आहे. याचा अर्थ ३६ अंशांना यंत्र बंद पडते असा नाही, परंतु त्यामागचे गणित समजून घ्यावे. पंखा कोणत्याही भागाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. भर कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर राहील आणि मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ वर जाईल. त्यात पंख्यात लव अडकली की आणखी दहा-पंधरा अंश वाढतात, आणि शंभरीच्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो किंवा संगणक बंद होतो. पूर्वभागातल्या त्या घरात नेमके हेच घडत होते.

म्हणून संगणक जिथे ठेवायचा तिथे दुपारी तीन वाजता साधा थर्मामीटर ठेवून पाहावा. वर पत्रा असेल, भिंत पश्चिमेची असेल किंवा खाली यंत्रमाग चालत असतील, तर मोठ्या पंख्याचा आणि सहज उघडणारा टॉवरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लॅबखालच्या, बऱ्यापैकी धूळविरहित फ्लॅटमध्ये मिनी पीसी निर्धास्त चालतो. कुलरबाबत एक सूचना आवर्जून करतो: कुलरची झोत संगणकावर कधीही सोडू नये. त्या हवेत ओलावा असतो, पॅड जुने झाले की बारीक तुषारही येतात आणि आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर जोडण्यांवर धरतो.

विजेची तपासणी, जी सहसा कोणी करत नाही

संगणकावर मोठी रक्कम खर्च करणारे कुटुंब इलेक्ट्रिशियनला मात्र बोलावत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याला बोलावून मल्टिमीटरने तीन मोजमापे करून घ्यावीत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट असायला हवेत. फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढेच हवेत. आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. शेवटचा आकडा मोठा आला, तर अर्थिंग नावापुरतेच आहे असे समजावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येणे हे याच दोषाचे लक्षण आहे आणि ते ‘चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखे मुळीच नाही.

यानंतर बॅकअपचा विचार करावा. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर ‘यूपीएस मोड’ची कळ आहे का ते पाहावे, त्या मोडमध्ये वीज जाताच बदल इतका झटपट होतो की संगणक बंद पडत नाही. नेहमीच्या मोडमध्ये दिवे-पंखे चालू राहतात, परंतु संगणक मात्र पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर नसल्यास ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस साध्या संगणकाला पुरतो. त्यात व्होल्टेज कमी-जास्त झाल्यास सावरण्याची सोय असते, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी उष्णतेने लवकर थकते. साधारण दोन ते तीन वर्षांनी ती बदलावी लागेल, हे खर्चात आधीच धरून ठेवावे.

प्रकारांमधला फरक इथे प्रथम जाणवतो. हलक्या कामात साधा टॉवर ४० ते ६० वॅट घेतो, तर मिनी पीसी १० ते २० वॅट. दोघांतला फरक ३५ वॅटचा आणि वापर रोज आठ तासांचा धरला, तर महिन्याला सुमारे साडेआठ युनिटची बचत होते. केवळ बिलाकडे पाहून प्रकार बदलावा इतकी ही बचत मोठी नाही. खरा फायदा बॅकअपमध्ये आहे: ज्या यूपीएसवर मॉनिटरसह टॉवर पंधरा-वीस मिनिटे तग धरतो, त्यावरच मिनी पीसी त्याच्या जवळपास दुप्पट वेळ चालतो. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी वीज गेली तर हा फरक किती मोलाचा असतो, हे पालकांना वेगळे सांगायला नको. वायफायचा राउटरही त्याच यूपीएसवर जोडावा, नाहीतर संगणक चालू आणि इंटरनेट बंद अशी अवस्था होते.

चार प्रकार, एकेक करून

ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यामागेच सगळा संगणक असलेले यंत्र, दिसायला सर्वांत नेटके असते. एकच वायर असल्याने दिवाणखान्यात ते शोभते. आमच्या घरी २०१६ मध्ये असे एक यंत्र आणले होते. वॉरंटी संपल्यानंतर साडेतीन वर्षांनी त्याच्या पडद्यावर उभी रेघ आली आणि महिन्याभरात अर्धा पडदा काळा झाला. आत प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क सारे ठणठणीत होते. पडदा मिळवण्यासाठी ते यंत्र पुण्याला पाठवावे लागले, पाच आठवडे गेले आणि शेवटी सांगितलेला खर्च नव्या साध्या संगणकाच्या जवळ जाणारा निघाला. वेगळ्या मॉनिटरचा पडदा गेला असता तर त्याच संध्याकाळी दुसरा आणून जोडता आला असता. उलट बाजूनेही तीच अडचण आहे: आतला संगणक जुना झाला तरी चांगला पडदा मॉनिटर म्हणून वापरता येत नाही, कारण बहुतेक यंत्रांत बाहेरून एचडीएमआय घेण्याची सोय नसते. शिवाय आतले भाग पुष्कळदा लॅपटॉपच्या धाटणीचे असतात, म्हणजे डेस्कटॉपची किंमत मोजून लॅपटॉपचा वेग मिळतो. जागेची फारच टंचाई असेल आणि काम हलके असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा.

मिनी पीसी हा जेवणाच्या डब्याएवढा संगणक असून मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्यावे लागतात. यात दोन अगदी भिन्न दर्जे एकाच नावाखाली विकले जातात, तेवढे ओळखता आले पाहिजे. एकात इंटेलचा एन१०० यासारखा ६ वॅटचा किफायतशीर प्रोसेसर असतो. त्याचे चार कोर वाचन, टायपिंग, व्हिडिओ आणि ऑनलाइन वर्गांना व्यवस्थित पुरतात, पण मोठी एक्सेल पत्रके किंवा रेखाटनाच्या सॉफ्टवेअरपुढे तो थकतो. दुसऱ्यात लॅपटॉपमधले वेगवान रायझेन किंवा कोअर मालिकेतले प्रोसेसर असतात, आणि ते कोणत्याही सामान्य टॉवरच्या तोडीस तोड चालतात. या प्रकारातला लहान पंखा हा त्याचा कच्चा दुवा आहे. तो वेगाने फिरतो, धूळ लवकर ओढतो आणि तसाच पंखा गावात मिळेलच याची खात्री नसते. बाहेरचा अडॅप्टर ही मात्र जमेची बाजू आहे: व्होल्टेजच्या झटक्याने बहुधा आधी तो जातो आणि तो बदलणे सोपे असते.

टॉवरबद्दल मी सर्वांत जास्त आग्रही आहे, हे एव्हाना लक्षात आले असेल. पट्टी काढली की सगळे समोर दिसते, प्रत्येक भाग वेगळा मिळतो आणि शहरातला कोणताही जाणकार तंत्रज्ञ तो दुरुस्त करू शकतो. कंपनीचा तयार टॉवर घ्यावा की दुकानात असेंबल करून घ्यावा, हा प्रश्न लगेच पुढे येतो. कंपनीच्या संगणकाला एकच वॉरंटी असते आणि ती ऑनसाइट असेल तर तंत्रज्ञ घरी येतो. असेंबल केलेल्यात प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते. उदाहरणार्थ, इंटेलच्या बॉक्स पॅक प्रोसेसरला तीन वर्षांची असते. पण त्यात आपल्याला हवा तो भाग निवडता येतो. घरात कोणालाच तांत्रिक गोष्टींत रस नसेल तर कंपनीचा घ्यावा. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर असेंबल करून घ्यावा आणि जोडणी चालू असताना त्याला शेजारी उभे करावे. त्या दोन तासांत तो जे शिकतो, ते त्याला वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

चौथा प्रकार म्हणजे कंपन्या आणि बँकांमधून बदलून काढलेले, तपासून पुन्हा विक्रीला आलेले ऑफिस संगणक: डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क व एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. यांची बांधणी दणकट असते आणि किंमत नव्याच्या तुलनेत बरीच कमी. इथे एक आकडा मात्र तोंडपाठ हवा. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून नियमित सुरक्षा-सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-सोयही लागते. पिढी नावातच कळते: आय५-६५०० ही सहावी, आय५-८५०० ही आठवी, आय५-१०४०० ही दहावी. सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक आता फार स्वस्त मिळतात, ते याच कारणाने. विक्रेत्याने पळवाट काढून त्यांवर विंडोज ११ बसवून दाखवले, तरी ते अधिकृतरीत्या चालणारे नाहीत. ते घ्यायचेच असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू वापरण्याची तयारी ठेवूनच घ्यावेत. अभ्यासासाठी आणि इंटरनेटसाठी ते मनापासून सुचवण्याजोगे आहेत. आणखी एक खाचखळगा असा की, यांतल्या बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डची जोडणी त्या-त्या कंपनीची खास असते, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

माझ्याकडे सल्ला मागणाऱ्यांना मी साधारण असे सांगतो: पैसे बेताचे असतील तर आठव्या ते दहाव्या पिढीचा जुना ऑफिस टॉवर नव्या एसएसडीसह (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घ्यावा, धूळ किंवा पत्र्याचे घर असेल, अथवा जड सॉफ्टवेअर असेल तर नवा टॉवर घ्यावा, लहान फ्लॅट आणि हलके काम असेल तर मिनी पीसी घ्यावा.

आतल्या भागांत कुठे पैसे घालावेत

मेमरी १६ जीबी असावी. सध्या ८ जीबीच परवडत असेल तर ती एकाच पट्टीत घ्यावी आणि दुसरी जागा रिकामी आहे याची खात्री करावी. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात दोन पट्ट्या एकत्र चालल्या की चित्रांचा वेगही वाढतो, म्हणून पुढे दुसरी जरूर जोडावी. विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवरच हवेत, ५१२ जीबी पुरेसे. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो साठवायला वेगळी हार्ड डिस्क चालेल.

प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर वाचावे. आय५-१२४०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. ‘एफ’ असलेला थोडा स्वस्त मिळतो, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. हा फरक न कळल्याने घरी आल्यावर परत दुकान गाठावे लागलेले लोक मला माहीत आहेत.

असेंबल करताना सर्वांत मोठी काटकसर एसएमपीएसवर केली जाते आणि ती सर्वांत महागात पडते. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले तरी तेवढा भार तो पेलेलच असे नाही, आणि तो जाताना मदरबोर्डालाही सोबत घेऊन जाऊ शकतो. ‘८० प्लस’ या वीज-कार्यक्षमतेच्या मानांकनाचा, नामांकित कंपनीचा एसएमपीएस वेगळा घ्यावा. आपल्याकडचे विजेचे चढउतार पाहता, ही रक्कम प्रोसेसरमधून कमी करून इथे घालण्यात काहीही गैर नाही.

मॉनिटर दुकानात इंग्रजी मजकूर दाखवून विकला जातो. तिथे मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडायला सांगावे आणि नेहमीच्या अंतरावर बसून ‘र्‍या’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरे आणि रफार स्पष्ट दिसतात का ते पाहावे. २४ इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० पिक्सेल ठीक दिसतात. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या वाटतात. पॅनेल आयपीएस प्रकारचे, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणारे, घ्यावे.

दुकानात आणि घरी आल्यावर

किमान दोन दुकानांतून भागांच्या नेमक्या मॉडेल क्रमांकांसह लेखी कोटेशन घ्यावे. ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ या एका ओळीत दहा प्रकारचे संगणक बसतात, त्यामुळे तेवढ्यावर दरांची तुलना होऊ शकत नाही. बिल जीएसटीचे घ्यावे आणि प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक त्यावर लिहून घ्यावा; वॉरंटीच्या वेळी तोच पुरावा ठरतो. विंडोजचा परवाना बिलात आहे की नाही, हेही स्पष्ट विचारावे. जुना संगणक असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने एसएसडीची प्रकृती तिथेच तपासावी.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात संगणकावर मुद्दाम ताण द्यावा. दुपारच्या उकाड्यात तासभर व्हिडिओ, ब्राउझरच्या वीसेक खिडक्या आणि आपले सर्वांत जड सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवावे आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे. मग सर्व फाइली साठवून, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून संगणक चालू राहतो का तेही पाहावे, कारण काही चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या विजेवर तग धरत नाहीत आणि ते वेळीच कळले तर यूपीएस बदलून घेता येतो.

टॉवर जमिनीवर न ठेवता वीतभर उंच पाटावर ठेवावा आणि मागे भिंतीपासून चार बोटे जागा सोडावी. साधारण दर दोन महिन्यांनी, आणि खाली माग असतील तर दर महिन्याला, प्लग काढून पट्टी उघडावी व मऊ ब्रश आणि हवेच्या ब्लोअरने आतली धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा सोडल्यास तो हवेने भरधाव फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते.